शब्दांची भावकी

आमच्या सोनई गावचे गिरणीवाले दळण चालू असताना डिक्शनरी वाचतात. सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द म्हणजे त्यांच्या लेखी एकच भावकी. मॅलिस, मॅलिग्नंट असल्या 'मॅल'वाल्यांत सोयरीक करू नये, म्हणतात, समदे दुष्ट.

परवा माझ्या गाठीचा इंग्रजी रिपोर्ट आला, डॉक्टर नेमके बाहेरगावी. शेवटी कागद गिरणीवाल्यांपुढे धरला. त्यांनी चक्क चालू गिरणी थांबवली.

"बिनाईन! बी-ई-एनवाला! बेनिफिट म्हंजे फायदा, बेनेव्होलंट म्हंजे परोपकारी. भावकी भली हाय, मावशी. तरी बघतो." डिक्शनरीची पानं उलटली. "निरुपद्रवी! कॅन्सर न्हाई!"

रांगेतली बाई करवादली, "आवो, माझं दळण?"

"थांब गं, आनंदाची गोष्ट हाय," म्हणत त्यांनी अख्खा रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवला. माझं खरं वय तेवढं गावभर झालं.