तारीख नसलेला नमुना

दुपारचं जेवण झालं की मी बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत पाठीला उशी लावून पडते. पूर्वी एक उशी पुरायची. आता तीन लागतात. माझ्या नवऱ्याचा, श्रीपादचा, समज आहे की वयानुसार मी ऐषारामी होत चालले आहे. मी तो समज मोडलेला नाही.

समोर कुंडीत कांडवेल आहे. पानं नावाला, बाकी नुसत्या चौकोनी हिरव्या कांड्या, एकीला एक जोडलेल्या. हाडं सांधते म्हणतात. तिचा रस मी रोज सकाळी ताकातून घेते. घसा भयंकर खाजतो. खाजतो म्हणजे औषध लागू पडतंय, असं मी ठरवून टाकलं आहे. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरपायी माझा डावा स्तन काढला. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "पाठ, कंबर, हाडं दुखतात का?" मी म्हटलं, "माझे लेख वाचणाऱ्यांची दुखत असतील." डॉक्टर हसले, मी हसले, आणि त्यांनी कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलं. विनोदी सदर लिहिणाऱ्या बाईला एवढं जमायलाच हवं.

ऊन पापण्यांवर येतं. खालच्या मजल्यावरचा कुकर एक शिट्टी देतो, दुसरी देतच नाही. मग कांडी मोडल्याचा आवाज येतो. कट्ट.

"पाणी जास्त घालतेस कुंडीला," इंदू म्हणते.

इंदू म्हणजे डॉ. इंदुमती घोरपडे. हॉस्टेलपासूनची माझी मैत्रीण, पुढे साताऱ्यात वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. बावीस वर्षं तिने या कांडवेलीवर घालवली. वेलीतली द्रव्यं वेगळी काढायची, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकायची आणि बघायचं, की स्तनाचा कॅन्सर हाडात उतरून हाड पोखरतो ते थांबवता येतं का. मग तिचाच कॅन्सर तिच्या हाडांत उतरला. तिला जाऊन चार वर्षं झाली आहेत. हे मला आत्ता चांगलं आठवतंय, आणि तरी मी म्हणते, "बस ना, चहा टाकू?"

"नको. साखर बंद आहे," ती म्हणते.

बाल्कनीचा कठडा संपतो तिथे लोखंडी कपाटं सुरू होतात. डांबरगोळ्यांचा वास. तिच्या कॉलेजातली वाळवलेल्या झाडांची खोली. कपाटात वर्तमानपत्रांच्या चळती, प्रत्येक घडीत दाबलेली एकेक वनस्पती. कागद सगळे रविवारचे आहेत. सगळीकडे माझा हसरा फोटो.

"तुझं सदर अजून चालतं?"

"दर रविवारी."

"चालू दे. ओल फार छान शोषतं."

ती एक घडी उघडते. माझ्या फोटोवर काहीतरी पांढरं, चपटं ठेवलं आहे. त्याची एक कड कुरतडल्यासारखी दिसते.

"ही कुठली वनस्पती?"

"तुझा कमरेचा चौथा मणका. हात लावू नकोस, ठिसूळ झालाय."

मी पाठीमागे हात नेते. तिथे उशी आहे. उशीच्या मागे अजून एक उशी आहे. त्यामागे माझा हात कुठेच टेकत नाही. कपाटातून बारीक कुरकुर ऐकू येते.

"इंदे, वाळवी लागलीय इथे."

"वाळवी नाही. हाड खाणाऱ्या पेशी. सगळ्यांच्या हाडात असतात. त्या जुनं खातात, मागून दुसऱ्या नवं भरतात. संसार असतो तो. कॅन्सर येतो आणि खाणाऱ्यांना पंगतीला बसवतो. वाढतच राहतो."

"म्हणून तर मी तुझी वेल पिते," मी शाबासकीच्या अपेक्षेने सांगते.

इंदू घडी मिटते आणि माझ्याकडे रोखून बघते. जिवंतपणी ती फक्त कुणाला नापास करण्याआधी असं बघायची.

"पितेस म्हणजे?"

"ताकातून."

"माझी बावीस वर्षं ताकातून पितेस, भवाने?"

"तूच फोनवर ओरडली होतीस ना! 'नले, खाणाऱ्या पेशी शांत झाल्या' म्हणून?"

"बशीत. एकच द्रव्य, शुद्ध करून, मोजून, बशीत. बशीला पोट नसतं. बशी डॉक्टरांशी खोटं बोलत नाही." तिचा आवाज खाली येतो. "निघेल औषध कधीतरी त्यातून. माझ्या लॅबमधल्या मुली करतायत काम. पण तुझं हाड तोवर थांबणारे का?"

"मग तू काय घेतलंस?"

"रेडिएशन. हाडांचं इंजेक्शन. वर्षभर त्यावर उभी राहून वर्ग घेतले. वेल खिडकीत होती. तिला म्हटलं, तू अजून शिकतेयस."

खोलीतलं टेबल पोटाला गार लागतंय, कारण मी त्यावर पालथी आहे. माझ्या पाठीवर वर्तमानपत्र, त्यावर लाकडी चौकट. झाडं दाबायची चौकट. इंदू पट्टा ओढते आणि माझा श्वास अर्धाच आत जातो. मग ती पायाशी जाते. माझ्या उजव्या अंगठ्याभोवती दोरा फिरतो.

"इंदे, हे मेलेल्यांना बांधतात."

"नमुन्याला बांधतात. नाव, ठिकाण, तारीख. तारीख नसली तर काय करतात, तुला माहितेय."

मला माहीत आहे. विसाव्या वर्षी तिच्याबरोबर दोन दिवस घाटात हिंडले होते. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. मी चिठ्ठ्यांवर कोट्या लिहिल्या आणि तारखा विसरले. इंदूने सगळी पिशवी उकिरड्यावर रिकामी केली होती.

"दुखणं कधीपासून?"

"असतील पंधरा दिवस."

पट्टा आवळतो. कुरकुर आता कपाटातून येत नाही. माझ्या आतून येते.

"तारीख, नले."

"पावसाळ्यात कधीतरी..."

"विनोद करू नकोस."

"कुठे केला?"

"करणार होतीस."

होते. जिभेवर आला होता. दोरा कातडीत रुततो. कोपऱ्यात एक पिशवी तोंड उघडून पडली आहे, माझ्या मापाची.

"तुझी काय तारीख होती?" मी कशीबशी विचारते.

ती आपला पाय पुढे करते. अंगठ्याला चिठ्ठी आहे. नाव आहे, ठिकाण आहे. तिसरी ओळ कोरी.

"मी पेशी मोजत होते," इंदू म्हणते. "रोज वाटायचं, उद्या सांगू."

"अकरा जुलै!" मी ओरडते. "बादली उचलताना. अकरा जुलैपासून दुखतंय, इंदे, रोज, झोपलं तरी!"

ती पेन्सिलीने लिहिते. शाई ओलीत पसरते, म्हणून पेन्सिल. मग गाठ मारते, घट्ट.

कुकरची दुसरी शिट्टी होते.

श्रीपाद कप घेऊन उभा आहे. "झोपेत तारखा कसल्या पाठ करतेस? जुलै जाऊन तीन महिने झाले."

मी पाय वर घेते. उजव्या अंगठ्याभोवती बारीक लाल वळ आहे, चांगला गोल. दोरा नाही. पायात मोजे नाहीत, चप्पलही नाही.

"हे काय लागलं?" तो वाकून बघतो.

उत्तर तयार आहे. हसेल असं उत्तर आहे. मी ते गिळते. रसापेक्षा जास्त खाजतं.

"श्रीपाद, माझी पाठ अकरा जुलैपासून दुखतेय."

तो कप कठड्यावर ठेवायला जातो, कठडा चुकतो, चहा कुंडीत सांडतो. तो चष्मा शोधतो. चष्मा डोळ्यांवरच असतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लागतो. पलीकडची बाई काहीतरी विचारते, आणि माझा नवरा माझ्याकडे बघत, एकेक शब्द सावकाश, तारीख सांगतो.

मी अंगठा चोळून बघते. वळ जात नाही. गाठ जिथे बसली होती, तिथे तो जरा जास्त खोल आहे.