निधान

बाळूला जाऊन महिना उलटून गेला. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, तिथं मिरजेहून फोन आला तेव्हा मी आईला आंघोळीचं पाणी काढून देत होते. दुकानदार अनवाणी धावत आला आणि त्यानं मला खुणेनं बाहेर बोलावलं. तेवढ्यावरूनच मला कळलं. आई आतून ओरडली, "कुणाचा फोन गं? बाळ्याचा का? म्हणावं, गाडी पुसून ठेवलीया."

बाळू माझा धाकटा भाऊ, संकेश्वरच्या एका शाळेत पी.टी. मास्तर. सगळे मास्तर पोरांना पळायला शिकवतात, आमचा शहाणा गॅदरिंगला सावकाश सायकलची शर्यत लावायचा. शेवटी येईल त्याचा पहिला नंबर, पाय टेकला की बाद! स्वतः इतका पटाईत, की सायकल जागच्या जागी तोलून पोरांशी गप्पा हाणायचा. आई म्हणायची, "ह्येचं लगीनबी असंच शेवटाला हुतंय बघा." ते तर राहूनच गेलं.

पंधराएक वर्षांपूर्वी मी खानापूरच्या पलीकडे, रानातल्या एका गावी शिक्षिका होते. बस फाट्यावर सोडायची, पुढं नुसते सुटे गोटे, चढ-उतार आणि मधे ओढा. पहिल्या बाळंतपणाला मला बैलगाडीतून खाली आणताना चाक ओढ्यात रुतलं. इकडे कळा थांबेनात, तिकडे गाडी हलेना... ते मूल हाती लागलं नाही. चाकाला खांदा लावून लावून बाळूचा सदरा फाटला होता, एवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं. घरात त्यावर कुणी कधी बोललं नाही. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मात्र तो आला आणि म्हणाला, "आक्का, मोटरसायकल घ्यायला लागलोय. आवंदा सातव्यातच तुला खाली आणतो."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं, म्हणजे आई, बाळू आणि मी, बेळगावात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका कानडी माणसाकडे गेलो. तो सांगायला लागला, "मास्तर, ही ऐंशीनं पळतंय!" बाळू म्हणाला, "पळतंय त्ये कळलं. चालतंय का?" मग आईकडे वळून, "आई, तू चाल. तुझ्या गुडघ्याच्या चालीनं." आणि हा बाबा भर रस्त्यात तिच्या शेजारून गाडी चालवायला लागला! लोक हसत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली गाडी दणकट, पण दगडात कलंडली तर एकट्याला उचलायची नाही. दुसरी हळू केली की हिसके देऊन बंद पडायची. तिसरी रंग उडालेली, उपाशी दिसणारी. पण ती आईबरोबर गुमान चालली, आई पदर सावरायला थांबली तर तीही क्षणभर थांबली, आणि बाळूचा पाय काही खाली टेकला नाही. तो कानडी माणूसच घाबरून ओरडत होता, "निधाना, मास्तर, निधाना!" कानडीत निधान म्हणजे सावकाश. आईला तो शब्द असा आवडला की दूध तापवतानासुद्धा निधान, आणि मी जिना उतरताना तर निधान, निधान, निधान. बाळूनं मागची दातेरी चक्री मोठी बसवून घेतली, म्हणजे गाडी पळायची कमी, पण हळूहळू नेटानं चढायची. चाकांत हवा थोडी कमीच ठेवायचा, गोट्यांवरून उडू नये म्हणून.

सातव्या महिन्यात त्यानं मला त्याच वाटेनं खाली आणलं. आई मागून चालत, "निधान रं बाळ्या!" ओढा आला तसे मी डोळे मिटले आणि त्याला काय काय शिव्या हासडल्या. तो एवढंच म्हणाला, "आक्का, जरा गप बस की. दगड बघू दे." पलीकडे गेल्यावर मी रडले... आमची शुभा बेळगावात जन्मली, आता आठवीत आहे.

गेल्या पावसाळ्यापासून बाळूचं अन्न तुटलं. मिरजेच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलले, "निदान झालंय. पण आता आमच्या हातात फारसं काही नाही." आईच्या कानात पहिला शब्दच शिरला. तिचा चेहरा उजळला. "निधान म्हणालं न्हवं? मग हुईल की बरं. निधान हुईल." मी बाळूकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "व्हय आई, निधानच." ती पाणी आणायला गेल्यावर मला म्हणाला, "आक्का, तिला सांगू नगंस." जन्मभर मी पोरांचे शब्द दुरुस्त करत आले, हा एक शब्द मला दुरुस्त करता आला नाही. ज्यानं मला ओढा पार करून दिला त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलायची, आणि ती त्यानं तशीच ठेवायची, याखेरीज माझ्या हातून काही झालं नाही. आई फार थकली म्हणून तिला दोन दिवस घरी आणलं, तेवढ्यात तो फोन आला.

गाडी पडवीत उभी आहे. आई अजून रोज फडक्यानं ती पुसते. काल पुसता पुसता थांबली, मागच्या सीटवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टर निधान म्हणालं हुतं की गं... मग माझं पोर एवढं बिगीनं कसं गेलं?"

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि मागचं चाक पुसायला बसले.