आधी समोर बसा

उजव्या हाताचा पंजा स्वतःच्या डोळ्यांवर धरायचा, बोटांच्या फटीतून गिऱ्हाइकाकडे बघायचं आणि म्हणायचं, "आधी समोर बसा." गाडीला पांढरा एलईडी लाईट लावून मागणाऱ्याला आमच्या गल्लीतल्या वायरिंगवाल्या चाचांचं हेच पहिलं उत्तर असायचं. हॉर्न बिघडलेला असो, बॅटरी उतरलेली असो, चाचा मुकाट्यानं कामाला लागत. एलईडीचं नाव काढलं की मात्र पंजा डोळ्यांवर.

जुन्नरच्या जुन्या बाजारात त्यांचं गॅरेज आणि माझं शिलाईचं दुकान समोरासमोर होतं, दुकानामागेच आमचं घर. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मी भाई म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. वयानं मोठं कोण ते आम्ही कधी काढलं नाही. दोघांच्याही सोयीचं नव्हतं.

माझ्या दाराशेजारची भिंत बरोबर त्यांच्या गॅरेजसमोर येते. दिवेलागणीला गाडी भिंतीकडे तोंड करून लावायची आणि उजेड कुठवर चढतो ते बघायचं, ही त्यांची पद्धत. त्यासाठी भिंतीवर एक आडवी रेघ मारलेली. खडू माझा, कापडावर खुणा करायचा, निळा. "ताई, खडू," एवढं म्हणून हात पुढे करायचे. परत द्यायची आठवण त्यांना कधीच झाली नाही, ते सोडा.

"उजेड या रेघंच्या खाली राहिला पायजे," ते सांगत. "वर चढला की तो रस्त्याचा न्हाई, लोकांच्या डोळ्याचा."

रेघेखाली पत्र्याचं स्टूल. त्यावर माणूस बसला की त्याचे डोळे रेघेच्या जरासे वर येत.

राजुरीचा एक पिकअपवाला आला होता. टोमॅटोची गाडी. पुढचे दोन्ही लाईट त्यानं दुसरीकडून पांढरे करून आणलेले, वर टपावर आणखी दोन हवे होते.

"आधी समोर बसा."

"मी कशाला बसू? गाडी माझीच हाय की."

"म्हणून तर."

बसला बिचारा. चाचांनी त्याचेच लाईट चालू केले. गड्यानं टॉवेल तोंडावर ओढला. "बंद करा राव. काय दिसंना."

"मी कुठं हाय सांग."

"काय म्हाईत."

चाचा त्याच्या हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांनी त्याच्या डोक्यावरची टोपी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली तेव्हा तो दचकला. "आता समज मी सायकलवर हाय," चाचा म्हणाले. त्यानं टपावरचे लाईट काही लावले नाहीत. टोपी मात्र तशीच हातात धरून गेला.

एकानं सात रंगांत उघडझाप करणारी मोटरसायकल आणली. चाचांनी त्याला निवांत विचारलं, "रोज वरात हाय का तुजी?"

तुम्हाला वाटेल सगळे शहाणे होऊन जात असतील. छे. निम्मे तर स्टूल बघूनच मागे फिरत. बायपासला नवीन दुकान झालं होतं, तिथं दहा मिनिटांत लाईट लावून मिळे, वर चहा. मी म्हणायची, "भाई, गिऱ्हाईक हाकलायला दुकान काढलंय का?" ते म्हणत, "जाऊ द्या. स्टूल तरी बघून गेला ना."

मग माझीच पाळी आली.

माझी सून नर्स. डिंभ्याकडच्या दवाखान्यात तिची नोकरी. एसटीचा भरवसा नाही, म्हणून स्कूटर घेतली. थंडीत दिवस लवकर बुडतो. येताना दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात काय असतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच, काल बिबट्या आडवा गेला. स्कूटरचा लाईट तर देवघरातल्या समईएवढा. ती घरी येईपर्यंत माझी शिवण वाकडी जायची.

मी सरळ गेले. "भाई, सुनेच्या गाडीला पांढरा लाईट लावा. कडक."

पंजा वर गेला. "ताई, आधी समोर बसा."

"मला नका बसवू. इथं वाघाचा प्रश्न आहे."

"वाघ आला तर त्यालाबी बसवू की स्टुलावर," ते म्हणाले. मग पंजा खाली घेऊन म्हणाले, "एलईडी वाईट न्हाई वो. पण त्याचं घर येगळं असतं. या गाडीच्या लाईटचा डबा साध्या बल्बासाठी केलेला. त्यात एलईडी कोंबला की उजेड सगळीकडं फाकतो. रस्ता सोडून."

मला राग आला. माझ्या घरचं माणूस अंधारात, आणि हे मला डब्याचं शास्त्र सांगतात. दुसऱ्या दिवशी सुनेला बायपासला पाठवलं. आता चाचांना दिसू नये म्हणून काय करावं? तर तिनं गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावायची आणि चालत घरी यायचं. सासू-सुनेचं इतकं एकमत आमच्या घरात त्याआधी झालं नव्हतं.

आठ दिवस सून काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली, "आत्या, समोरचे सगळे चिडून माझ्यावर फुल लाईट मारतात. मग मलाच काही दिसत नाही." मी म्हटलं, "जळतात मेले."

त्याच्या दुसऱ्याच दिवशीची संध्याकाळ. मी काजं-बटनं करून आणलेल्या ब्लाऊजची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले आणि समोरून एकदम पांढरं झालं. रस्ता नाही, गटार नाही, माझे स्वतःचे पाय नाहीत. डोळ्यांवर पदर ओढून बाजूला सरकले ती सीताफळवालीच्या पाटीत जाऊन बसले. पिकलेली सीताफळं. पुढचं वर्णन मी करत नाही.

उजेडाच्या मागून आवाज आला, "अहो आजी, मधून कशाला चालता?" मग लाईट बंद झाला. मग लगेच, "अगं बाई. आत्या?"

सीताफळवाली म्हणाली, "सुनंनं सासूला बरुबर गाठलं बगा." अख्खी गल्ली हसली. चाचा आपल्या दारात उभे होते. ते हसले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कुणी न सांगता स्टुलावर जाऊन बसले. कंबर दुखत होती. सुनेनं गाडी समोर लावली, चाचांनी लाईट चालू केला.

"काय दिसतं, ताई?"

"काही नाही."

"सूनबाई दिसती का?"

ती तिथंच होती, हँडल धरून. मला दिसत नव्हती. मी तसं सांगितलं.

मग त्यांनी एलईडी काढला. लाईटची काच पिवळी पडली होती, ती घासून घासून साफ केली. गंजलेली वायर बदलली, चांगला साधा बल्ब लावला. "समई का झालती? आत करंटच पुरा येत नव्हता," म्हणाले. माझा खडू घेऊन रेघ नव्यानं मारली आणि पान्यानं लाईट जरा जरा खाली आणला. उजेड रेघेखाली सरळ थांबला. स्टुलावरून मला सूनबाईचा चेहरा दिसला. हसू दाबत होती.

ते हत्यारं आवरत होते तेव्हा मी विचारलं, "भाई, हे स्टुलाचं खूळ डोक्यात आलं कुठून?"

हात पुसता पुसता ते सांगू लागले. तरुणपणी त्यांनी एका जीपला पुढे पाच मोठे लाईट लावले होते. लई अभिमान. त्या जीपच्या उजेडात सायकलवरचा एक दूधवाला कालव्यात गेला. जगला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. "त्याला खाली बसता येत नव्हतं. दूध घालायला यायचा तवा टेकायला हे स्टूल आणलं मी. रोज बसायचा. रोज मलाच दुवा द्यायचा, स्टूल आणलं म्हणून." मग म्हणाले, "लाईट कुणी लावलं व्हतं, ते त्याला शेवटपर्यंत म्हाईत न्हवतं."

त्यानंतर खडू परत मागायचं मी सोडून दिलं.

पुढं त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला. "वायर दिसती, ताई. लाल का काळी, ते कळंना." लेकीनं मंचरला नेलं. गॅरेजच्या जागी आता मोबाईलची कव्हरं लटकतात. जाताना स्टूल त्यांनी माझ्या दारात आणून ठेवलं. परवा लेकीनं फोन लावून दिला तर तब्येतीचं राहिलं बाजूला, पहिला प्रश्न, "रेघ हाय का?"

आहे. पावसानं पुसट झाली की मी नव्यानं मारते. संध्याकाळी त्याच स्टुलावर बसून सुनेची वाट बघते. गल्लीच्या तोंडाशी गाड्या येतात, सगळ्या पांढऱ्याफेक, टक लावून अंगावर येणाऱ्या. मी डोळ्यांवर पंजा धरते. मग त्यांच्यामागून एक पिवळसर उजेड येतो, मान खाली घालून, रस्त्यातला खड्डा न् खड्डा बघत. तो आमचा. मी उठून चहा टाकते.