उषाचा वरवंटा

बोईसरच्या एका कारखान्याचं कँटीन सांभाळणारा खंडेराव वर्षभरासाठी अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळावर स्वयंपाकी म्हणून गेला, तेव्हा बायकोच्या माहेरचा पाटा-वरवंटाही घेऊन गेला. मिक्सरमध्ये फिरवलेल्या मिरच्यांना ठेचा म्हणायला तो तयार नव्हता. या बाबतीत माणूस भलता हट्टी. जाताना काही अडलं नाही. जहाज गोठलेल्या समुद्राला टेकलं आणि ट्रॅक्टरनं बर्फावरूनच सामान ओढून नेलं. परतीच्या वेळी मात्र तो बर्फ लवकर फुटून वाहून गेला होता. सामान हेलिकॉप्टरनं, तेही वजन करून. पाटा-वरवंटा तिथंच राहिला.

"म्हणे समुद्रावरचा बर्फ फुटला!" बेटेगावच्या घरात उषानं कपाळावर हात मारला. "बहाणे तरी धड करा."

पुढच्या वर्षी त्यांच्या लेकीला, दीपिकाला, मुलगी झाली आणि प्रकरण पेटलं. बारशाला आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्यात ठेवतात, मग बाळाला. उषाच्या माहेरची सगळी पोरं त्याच वरवंट्यामागून पाळण्यात गेली होती, ती स्वतःसुद्धा. शेजारीण आपला द्यायला तयार होती.

"नुसता दगड नकोय मला," उषा म्हणाली. "माझा वरवंटा हवाय."

बारावा दिवस उलटला तरी नात बिननावाचीच. खंडेरावला घरात सुखानं जेवता येईना. शेवटी त्यानं तळावर फोन लावला. समुद्रावरच्या बर्फाची जाडी मोजणारी प्रतीक्षा यंदाही तिथं गेली होती. मागं वर्षभर त्याच्याच हातचं जेवलेली पोर ती.

"काका, यंदाही हेलिकॉप्टरच आहे," ती म्हणाली. "बघते."

महिन्याभरानं ती दारात रिक्षातून उतरली. "पाटा नाही जमला, मावशी. तिथं अजून त्यावर रोज ठेचा वाटतात. माझे बूट आणि पुस्तकं तिथंच ठेवली, तेव्हा कुठं हा बॅगेत बसला."

उषानं वरवंटा नाकाशी नेला. लसणाचा वास अजून होता. तिला रडूच आलं.

दुसऱ्याच दिवशी बारसं झालं. नातीचं नाव ज्ञानेश्वरी ठेवलं. खंडेरावनं मनसोक्त लाडू हाणले, कुणी टोकलं नाही.

पंगत उठल्यावर उषानं प्रतीक्षाला विचारलं, "तो बर्फ खरंच फुटतो गं?"

"काका ट्रॅक्टरवर बसून जिथून गेले ना, तिथं यंदा मी लाटा बघितल्या."

उषानं नवऱ्याकडे पाहिलं. मग झबल्यासकट वरवंटा उचलून प्रतीक्षाच्या बॅगेत घातला. "पुढच्या मोसमात जाशील तेव्हा घेऊन जा. नुसत्या पाट्यावर तिथली माणसं काय वाटणार?"

खंडेरावला ठसका लागला.

"पण पुढच्या नातवंडाच्या बारशाला मला हवाय हं. तोवर बर्फ राहील ना ट्रॅक्टर चालायला?"

खोटा धीर देणं प्रतीक्षाला जमलं नाही. "सांगता येत नाही, मावशी."

"मग हेलिकॉप्टरनं आण," उषा म्हणाली. "पण आण."