संध्याकाळी यायचा ढग सकाळीच आला

माण तालुक्यात मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्या काकूंना माझं काम कळायला बरेच दिवस गेले. मी घरी बसून लॅपटॉपवर सूर्याचे फोटो बघते, एवढंच त्यांना दिसायचं. त्या फोटोंत सूर्य मुद्दाम चकतीने झाकलेला असतो, म्हणजे भोवतीचं प्रभामंडळ दिसतं.

"सूर्यच झाकला, मग बघतीस काय?"

"त्यातनं उसळून बाहेर पडणारे ढग," मी म्हणायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला असाच एक मोठा ढग पृथ्वीच्या दिशेने सुटला. तापलेला वायू आणि त्यात गुंतलेलं चुंबकीय क्षेत्र. निघतो तेव्हा सुसाट, मग फुगत जातो आणि वाटेतल्या संथ सौरवाऱ्यात मंदावतो. हे सगळं धरून मी ऑफिसला कळवलं, उद्या संध्याकाळी पोहोचेल. दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी सापडली म्हणून काकूंनी मला गच्चीवर कुरडया घालायला धरलं.

सोऱ्या दाबत होते, तेवढ्यात फोन वाजला. पृथ्वीच्या बराच पुढे, सूर्याच्या बाजूला असलेल्या उपग्रहाला सौरवाऱ्याचा वेग एकदम वाढलेला दिसला होता. चिकाच्या हातांनी मी खोलीत पळाले. काकू मागोमाग.

"काय झालं गं? घरची बरी हायेत न्हवं?"

"बरी आहेत. संध्याकाळचा ढग आत्ताच आला, काकू!"

"आगं बया! मग कुरडया आत घ्यायच्या?"

मला हसू फुटलं. हा ढग भिजवत नाही, बिघडलंच तर उपग्रहांचं नाहीतर रेडिओचं बिघडतं, असं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पर लवकर कसा आला?"

तेच शोधायला मी जुने फोटो काढले. हा मोठा ढग सुटायच्या आदल्या दिवशी त्याच बाजूने एक फिकट ढग निघाला होता. लहानसा म्हणून मी तो सोडून दिला होता. त्यानेच पुढची वाट झाडून ठेवली आणि मागच्याला अडवायला फारसं काही उरलं नाही. त्याला धरून गणित पुन्हा चालवलं, तर वेळ जवळजवळ जुळली! मी टाळीच वाजवली. चीक कीबोर्डभर उडाला.

ऑफिसला सगळं कळवून वर गेले, तर काकू कठड्याशी उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या पोरीचा ढग आला. लई लांबनं आला, पर कुनाला काय केलं न्हाई."

शेजारीण कपाळावर हात धरून निरभ्र आभाळात बघत होती.