समुद्र पाहिला — नाही

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. अब्बा होते तोवर त्यांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता ते नाहीत. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं काम सर्वेक्षणाचं. फोनवर लिंक येते, तुम्ही प्रश्नांवर बोट टेकवत जाता, शेवटी 'धन्यवाद' उमटतं — ते प्रश्न कुणीतरी लिहिलेले असतात, आणि आलेल्या उत्तरांतली खोटी कुणीतरी वेचून फेकतो. यवतमाळच्या एका संस्थेत तो कुणीतरी मी होतो. खोटं उत्तर मला वासावरून कळतं, असं मी म्हणायचो. लोक हसायचे आणि मानायचेही. मला ते आवडायचं — फार आवडायचं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

बोंडअळीची वर्षं होती. अळी लागणार नाही म्हणून जे बियाणं विकलं, त्याच्याच बोंडाबोंडात अळी. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, आणि माणसं त्यात शिरून दोन-तीन औषधं एकत्र करून फवारत होती. चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधार. आमच्या संस्थेनं ठरवलं की ऑनलाइन विचारायचं, कुठल्या गावात त्रास जास्त आहे. जिथे जास्त, तिथे पुढच्या फवारणीआधी डॉक्टरांची गाडी जाणार, चष्मे, मास्क, हातमोजे वाटणार. गाड्या थोड्या, गावं पुष्कळ. म्हणजे उत्तरं खरी हवीत.

आणि खोटी येत होती, हे खरंच. उमरखेडकडच्या एका दुकानदारानं फुकटच्या सामानासाठी गल्ल्यावर बसूनच अर्धं गाव आजारी पाडलं होतं. मग मी नियम केले. एका फोनवरून एकच उत्तर. फार पटापट संपवलं तर बाद. आणि मध्ये एक सापळा — त्याचा मला विशेष अभिमान. 'गेल्या महिन्यात मी समुद्र पाहिला.' खाली बारीक अक्षरात: आपण नीट वाचत आहात हे कळावे म्हणून येथे 'हो' निवडा. जो न वाचता 'नाही' दाबेल, तो सापडला. हुशारी म्हणतात ती हीच, नाही का?

मुकुटबनच्या पुढचं एक गाव. नाव लिहीत नाही. तिथली सगळी उत्तरं एकाच फोनवरून आली. सगळ्यांना त्रास जवळपास सारखाच, आणि समुद्राला सगळ्यांचं 'नाही'. मी सगळी बाद केली. मग त्या नंबरवर फोन लावला. खोटं पकडलं की जाब विचारायची मला हौस होती.

फोन सुमनताईंनी उचलला. गावात बचत गट चालवायच्या, नवरा मजुरीनं फवारायला जायचा. त्या बिलकुल गडबडल्या नाहीत.

"हो भाऊ, मीच भरलं सगळ्याईचं. मोठा फोन माह्याच जवळ हाये, अन् नेट टाकीपाशीच येते. एकेकाले उभं करून इचारलं."

मी समुद्राचं विचारलं. त्या हसल्या.

"आमच्या गावात समुद्र कोनं पाह्यला जी? वाचलं मी ते खालचं. पण खोटं कायले लिहू? डॉक्टरची गाडी खऱ्यावर येते म्हनलं."

खरं बोलणारं माणूस मला कळतं — तोच तर माझा धंदा. बोट एकाच बाईचं होतं, पण उत्तरं टाकीपाशी उभ्या असलेल्या गावाची होती. आणि माझा सापळा त्या लोकांना सांगत होता, आधी खोटं बोला, मग तुमचं खरं मानू. मी म्हणालो, "त्या समुद्रामुळे नोंदी अडकल्यात, ताई. बघतो."

काय बघायचं होतं? नोंदी परत आत घ्यायच्या, एवढंच. पण आदल्याच दिवशी वरिष्ठांपुढे, पाहुण्यांपुढे मी माझे नियम मिरवले होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणून सगळ्यांना हसवलंही होतं. आता जाऊन सांगू की सापळाच चुकला? नाही गेलो. कुणी अडवलं नव्हतं, नोकरीची भीती नव्हती — तसं काही सापडतं का, ते मी फार शोधून पाहिलं. थोडा वेळ चारचौघांत लहान व्हायचं होतं. तेवढं मला जमलं नाही.

आणि अब्बांचं दुकान होतं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं. पंपाचा वायसर, म्हणजे वॉशर, गेला की औषध पाठीवरून कसं झिरपतं, हे मी तिथे बसून पाहतच मोठा झालो. दुसरा कुणी म्हणू शकेल, मला काय माहीत. मी नाही.

गाडी दुसऱ्या गावांना गेली. त्यांनाही गरज होतीच, असं मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं.

दिवाळीनंतर सुमनताई ऑफिसात आल्या. खांद्यावर नवऱ्याचा हात. फवारता फवारता तो शेतातच पडला होता. जीव वाचला, नजर गेली. दवाखान्यातून परत जाताना वाटेत आल्या होत्या. त्या भांडतील असं वाटून मी उत्तर जुळवून ठेवलं. त्या खुर्चीवरही बसल्या नाहीत.

"भाऊ, आमचंच चुकलं जी. ते समुद्राचं हो म्हनायले पाह्यजे होतं."

तुमचं काही चुकलं नाही, ताई — एक वाक्य. ओठांपर्यंत आलं होतं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघत होती. मी म्हणालो, "पुढच्या वेळी सांगितलंय तसंच भरत जा."

त्यांनी मान डोलावली. नवऱ्याला म्हणाल्या, "पायरी हाये, सांभाळून," आणि त्याला घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणात तो प्रश्न तसाच होता. मी काढला नव्हता. त्या गावातून एकच उत्तर आलं, सुमनताईंचं. बाकी गावाला त्यांनी या वेळी विचारलं नसावं. समुद्र पाहिला — हो. नोंद सगळ्या नियमांत बसत होती. मी ती ठेवली.