इंदूचं खोटं बाजूला बसणं

पिंप्राळ्यात नर्मदाबाईच्या मागच्या पडवीत एक गोणपाट कायम गुंडाळून ठेवलेलं असे. जिला कावळा शिवला तिने ते पसरायचं, ताट-तांब्या वेगळा घ्यायचा आणि चौथ्या दिवशी न्हाऊनच घरात यायचं. नर्मदाबाईला त्यात देवधर्मापेक्षा दुसरीच सोय वाटे. घरातली कोण बसली आणि कोण चुकली, हे तिला न विचारता कळे.

शहाऐंशी साली तिच्या भावाची मुलगी इंदू पारोळ्याहून बी.एस्सी. करायला याच घरात आली. फुईच्या, म्हणजे आत्याच्या, नजरेखाली राहायचं, या एकाच अटीवर बापाने तिला धाडलं होतं. शेजारची एक पोरगी मध्यंतरी बसली नाही, एवढ्यावरून तिचं कॉलेज सुटलं आणि मिळेल त्या स्थळाशी लग्न लागलं. तिला नुसता अशक्तपणा होता, हे मागून कळलं. कळून काय उपयोग!

दुसऱ्या वर्षी इंदूची पाळी बंद झाली. संध्याकाळी अंगात कसर, भूक मेलेली, ओटीपोटात दुखणं. विचारणार कुणाला? प्राणिशास्त्राचे सर बेडकाचं पुनरुत्पादन रंगीत खडूंनी काढत आणि माणसाचं आलं की "हे घरी वाचून घ्या" म्हणून पान उलटत. मागच्या बाकांवर पोरं खिदळत. दवाखान्यात जावं, तर डॉक्टर फुईच्या ओळखीचे. एवढं मोठं कॉलेज, पण पोरीच्या पोटात दुखतं हे ऐकायला तिथे एक कान नव्हता.

मग इंदूने आपलं डोकं चालवलं. तारीख आली की काही नसताना गोणपाट पसरून बसायची. कोरा कपडा भिजवून आडोशाला वाळत घालायची. फुई लांबून भाकरी वाढत शेजारणीला सांगायची, "मन्हा भाऊनी पोर देखा, इतली शिकी तरी बठ्ठं पाळस." ‘सगळं पाळणारी’ इंदू मान खाली घालून पुस्तक वाचायची. अशी तिने पदवी मिळवली आणि दुखणं अंगावर काढलं.

लग्न होऊन ती धुळ्याला गेली. नवरा सुकदेव एस.टी.त कारकून, स्वभावाने बरा. पाळी येत नाही म्हटल्यावर त्या भल्या माणसाने पेढे आणले. पोट काही दिसेना, तेव्हा सासरच्यांनी आजारी पोर गळ्यात बांधल्याचा आरडाओरडा केला. फुई तावातावाने धुळ्याला आली आणि दोघांबरोबर दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "गर्भाशयाचा क्षय आहे, फार जुना. पाळी थांबली तेव्हाच आणलं असतं, तर गोळ्यांनी बरं झालं असतं. आता मूल होणं नाही."

"काहीबी सांगू नका, बाई!" फुई तडकली. "दर महिनाले बसे ती. मी सोता देखेल शे."

इंदूला रडू आवरेना. "फुई, मी खोटीच बसत व्हती," ती म्हणाली. "कॉलेजमाच बंद व्हयेल व्हतं. तू भलतंच समजशी, मन्हं शिक्षण बंद करशी, म्हनीसन."

फुई इंदूजवळ सरकली. क्षय, गोळ्या, मूल, यातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिने आवाज खाली आणला.

"खरं सांग, कोन व्हता तो?"

डॉक्टरीणबाई संतापून काहीतरी बोलू लागल्या. इंदूने सुकदेवकडे पाहिलं. तोही उत्तराची वाट बघत होता.